राजा नाही, रीत आहे

मॅन्स रेडर आपण पक्ष का बदलला हे सांगतो तेव्हा कुठल्याही तत्त्वाचं नाव घेत नाही. एका डगल्याची हकिगत सांगतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेतला हा प्रसंग आहे. मॅन्स हा बर्फाच्या प्रचंड भिंतीवर पहारा देणाऱ्या 'नाइट्स वॉच' या दलातला शिपाई. दलाची शपथ कडक: जन्मभर काळंच वापरायचं, लग्न करायचं नाही, जमीनजुमला करायचा नाही. भिंतीपलीकडे गेलेला असताना शॅडोकॅट नावाचं एक हिंस्र जनावर त्याला फाडतं. सोबती त्याला जवळच्या वस्तीत नेतात. झाडपाल्याचं औषध देणारी तिथली म्हातारी वारलेली असते, पण तिची मुलगी जखमा धुते, टाके घालते, पेज पाजून त्याला उभा करते. त्याचा फाटलेला काळा डगलाही ती शिवून देते. त्यासाठी ती लाल रेशीम वापरते. आजीला किनाऱ्याला लागलेल्या एका फुटक्या गलबतात ते सापडलेलं, दूरच्या अशायचं, घरातली सर्वांत मोलाची चीज. ठाण्यावर परतल्यावर वरिष्ठ सांगतात, हा डगला टाकून दे, कोठीतून नवा काळा घे. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅन्स दल सोडून चालता होतो आणि पुढे भिंतीपलीकडच्या लोकांचा राजा होतो.

बहुतेक वाचक या गोष्टीतून सरळ अर्थ घेतात: भिंतीच्या अलीकडे हुकूम, पलीकडे मोकळीक, कोणी काय पांघरावं हे ज्याचं त्याने ठरवावं. मॅन्सलाही तेवढंच म्हणायचं असावं. पण गोष्टीतली ती मुलगी पाहा. तिच्या दारात आलेला माणूस तिच्या लोकांचा पिढीजात वैरी आहे, आणि बरा झाल्यावर तो पुन्हा त्यांच्यावरच तलवार उपसणार हे तिला ठाऊक आहे. तिला कोणी आज्ञा केलेली नाही, पैसे मिळणार नाहीत. तरी ती त्याला वाचवते आणि वर घरातलं सर्वांत मोलाचं देते. हा मोकळ्या मनाचा क्षणिक उमाळा म्हणता येईल. पण मार्टिन यांनी या लोकांच्या इतर चालीरीती ज्या तपशिलाने रंगवल्या आहेत, त्या पाहता तेवढं म्हणून भागत नाही. या समाजात राजा जवळपास नाही, पण रीत ठायी ठायी आहे. आणि या प्रकरणात मला जे मांडायचं आहे ते असं की त्या रीतींपैकी मुख्य रीती विस्कळीत किंवा गमतीदार नाहीत, त्यांचा रोख एकाच दिशेला आहे: सत्ता कुणा एकाच्या हातात, कुणा एकाच्या घरात साचू द्यायची नाही. त्यांचं स्वातंत्र्य नियमांच्या अभावातून आलेलं नाही. या नियमांनीच ते राखलं आहे.

आधी थोडी ओळख. या मालेतली पहिली कादंबरी 1996 साली आली, पाचवी 2011 साली, आणि त्यावरची दूरचित्रवाणी मालिका 2011 ते 2019 या काळात जगभर पाहिली गेली. वेस्टेरोस या कल्पित खंडाच्या उत्तर टोकाला 300 मैल लांब आणि 700 फूट उंच अशी भिंत आहे. तिच्या दक्षिणेला सरंजामी राज्यं: राजा, सरदार, त्यांची कुळचिन्हं, आणि खाली कुळवाडी. उत्तरेला जंगलात, डोंगरांत, गोठलेल्या किनाऱ्यावर शेकडो टोळ्या विखुरलेल्या आहेत. दक्षिणेतले लोक त्यांना रानटी म्हणतात. ते स्वतःला मुक्तजन म्हणवतात आणि दक्षिणेतल्यांना हिणवून 'गुडघेटेके' म्हणतात. कोणी बर्फातून अनवाणी चालतात, कोणी कुत्र्यांच्या गाड्या हाकतात, गुहांत राहणारे चेहरे निळे-जांभळे रंगवतात, आणि त्यांची आपापसांत वैरं आहेत. भिंतीची कल्पना मार्टिन यांना 1981 साली इंग्लंडमधली हेड्रियनची भिंत पाहताना सुचली, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. इसवी सन 122 मध्ये सुरू झालेली ती रोमन भिंत सुमारे 117 किलोमीटर लांब आहे.

इथेच पहिला आक्षेप समोर येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. स्वातंत्र्यवेडा रानटी माणूस ही नागर लेखकाची फार जुनी आवड आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन 98 च्या सुमारास आपल्या सासऱ्याचं, सेनापती अग्रिकोलाचं, चरित्र लिहिलं. त्यात स्कॉटलंडच्या डोंगरांत लढाईला उभा असलेला कॅल्गॅकस नावाचा नायक रोमन साम्राज्याच्या लोभावर जळजळीत भाषण करतो. ते भाषण टॅसिटसनेच रचलं असणार, याबद्दल अभ्यासकांत फारसं दुमत नाही. रोमच्या अधोगतीची चीड व्यक्त करायला त्याला परका माणूस सोयीचा वाटला. मग मार्टिन यांचे मुक्तजन म्हणजे तेच भाषण नव्या वेषात नाही कशावरून? आणि मुळातच कल्पित असलेल्या लोकांच्या चालीरीतींवरून काही सिद्ध करायचं म्हणजे हवेत महाल बांधणं नाही का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: सिद्ध काहीच करायचं नाही. कल्पित समाज हा जाणूनबुजून मांडलेला डाव असतो. अमुक गोष्ट काढून घेतली तर समाज उभा राहील का, आणि राहिला तर कशाच्या आधारावर, हे लेखक खेळून पाहतो. डाव फसला की वाचकाला ते जाणवतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तपशिलात शोधावं लागतं. टॅसिटसचा कॅल्गॅकस बोलतो, पण त्याच्या लोकांत लग्नं कशी लागतात, मुलांची नावं कधी ठेवतात, भांडण झालं तर काय करतात, यातलं काहीही त्या भाषणातून कळत नाही. इग्रिट ही मुक्तजनांची भालाईत स्त्री भाषण जवळजवळ करतच नाही. ती नाइट्स वॉचमधल्या जॉन स्नो या तरुणाशी भांडते, आणि त्या भांडणातून रीती उलगडत जातात.

सर्वांत वादग्रस्त रीत पहिल्यांदा घेऊ. मुक्तजनांत पुरुषाने बायको पळवून आणायची असते. त्यातही अट आहे: आपल्याच गावातली, आपल्याच टोळीतली मुलगी पळवायची नाही. तसं केलं तर देव कोपतात आणि मुलं दुबळी निपजतात. म्हणजे मानववंशशास्त्रात ज्याला बहिर्विवाह म्हणतात तो नियम इथे आहे, आणि त्याला देवाधर्माचं बळ आहे. पळवण्याचे मुहूर्तही आहेत. आकाशातला एक लाल फिरता तारा दक्षिणेत लोहाराचा मानला जातो. मुक्तजन त्याला चोर म्हणतात, आणि तो चंद्रकन्या नावाच्या नक्षत्रात शिरला की मुलगी पळवायला काळ शुभ. जॉनने इग्रिटला डोंगरखिंडीत पकडलं तेव्हा तो तारा नेमका तिथेच होता, त्यामुळे तिच्या लेखी जॉनने तिला रीतसर पळवलेलं असतं. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नाही. मुलीकडूनही काही अपेक्षा असतात. मुक्तजनांचा एक म्होरक्या टॉरमंड आपली मुलगी मुंडा कशी पळवली गेली हे जॉनला फुशारकीने सांगतो: जावयाचा ओठ फुटला, कान निम्मा चावला गेला. बापाला याचा अभिमान. आणि नवरा वाईट निघाला तर काय, या प्रश्नावर इग्रिटचं उत्तर थंड आहे: रात्री झोपेत त्याचा गळा चिरता येतो.

ही रीत भीषण आहे हे म्हणायला आढेवेढे घ्यायची गरज नाही. प्रत्येक मुलीच्या अंगात मुंडाइतकी ताकद नसते आणि सुरीचा न्याय ज्याच्या हातात सुरी त्याचाच. पण याच कादंबऱ्यांत भिंतीच्या दक्षिणेला काय चाललं आहे तेही शेजारी ठेवून पाहायला हवं. व्हिसेरिस आपल्या बहिणीला, डेनेरिसला, सैन्याच्या मोबदल्यात खाल ड्रोगोला देतो. सर्सीला तिचा बाप रॉबर्ट राजाच्या गळ्यात बांधतो. सान्सा स्टार्कचं लग्न तिच्या घराण्याचा विध्वंस करणाऱ्या घराण्यातल्या टिरियनशी लावलं जातं, कारण तिच्यासोबत भिंतीअलीकडचं उत्तरेचं राज्य हाती येतं. तिथे मुलगी हा बापाच्या किंवा भावाच्या हातातला मोहरा आहे, आणि प्रत्येक लग्न हा दोन घराण्यांमधला तह आहे. मुक्तजनांची रीत नेमकी हीच गोष्ट अशक्य करते. मुलगी देण्याचा अधिकारच बापाला नाही; ती कोण नेणार हे त्याला आधी माहीत नसतं, आणि माहीत असायचंही नसतं. मग तहासाठी लग्न कसं लावणार, हुंडा कशाचा मागणार, दोन टोळ्यांचा वारसा एका घरात कसा गोळा करणार? आपल्याकडच्या वाचकाला इथे महाभारत आठवल्यावाचून राहत नाही. मनुस्मृतीतल्या आठ विवाहप्रकारांत राक्षस विवाह हा हरणाचा प्रकार क्षत्रियांसाठी सांगितला आहे. पण भीष्माने काशीराजाच्या तीन मुली पळवल्या त्या स्वतःसाठी नव्हे, हस्तिनापूरच्या गादीला वारस हवा म्हणून, विचित्रवीर्यासाठी. त्यातल्या अंबेने मनाने शाल्वाला वरलं होतं. हरणानंतर तिला ना शाल्वाने स्वीकारलं ना भीष्माने, आणि तिच्या सूडाचा शेवट थेट कुरुक्षेत्रावर झाला. दोन्हीकडे हरणच. एका ठिकाणी ते वंशासाठी, गादीसाठी राबवलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी त्याच रीतीने गादी उभीच राहू नये अशी तजवीज झाली. रीत क्रूर आहे की नाही हा एक प्रश्न, ती सत्तेला कोणत्या दिशेने वाहू देते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा मिटत नाही.

मुलांबाबतची रीत साधी आहे. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याचं नाव ठेवायचं नाही. बालमृत्यू इतके की आधी नाव ठेवणं अपशकुनाचं. पण यातून जे घडतं ते लक्षणीय आहे. दक्षिणेत राजपुत्र जन्मण्याआधीच वारस असतो. इथे राजाचा मुलगा दोन वर्षं निनावी असतो आणि त्यानंतरही फक्त एक मुलगा असतो. मॅन्सचा मुलगा युवराज नाही, त्याची मेहुणी वाल राजकन्या नाही. जॉन हे दक्षिणेतून आलेल्या स्टॅनिस राजाला आणि त्याच्या सरदारांना परोपरीने समजावतो, पण त्यांच्या डोक्यात ते शिरत नाही. वालचं लग्न एखाद्या सरदाराशी लावून दिलं की सगळे मुक्तजन आपसूक मांडलिक होतील, असा त्यांचा हिशेब चालूच राहतो. मॅन्स स्वतः राजा झाला तो काही प्रतिस्पर्ध्यांना मारून, काहींशी लढून आणि बाकीच्यांना पटवून. लोक त्याच्या मागे आले म्हणून तो राजा; ते येईनासे झाले असते तर राजेपणही संपलं असतं. त्याच्या तंबूत जॉन पहिल्यांदा जातो तेव्हा राजा ल्यूटवर गाणं वाजवत बसलेला असतो. डोक्यावर मुकुट नाही, बसायला सिंहासन नाही. हजारो वर्षांत भिंतीपलीकडे असे राजे मोजकेच झाले: जोरामन, गेंडेल आणि गॉर्न हे भाऊ, बेल हा शाहीर, रेमन रेडबिअर्ड. प्रत्येक जण एखाद्या मोहिमेपुरता आला. मुकुट कुणाच्याही घरात मुक्कामाला राहिला नाही.

खऱ्या जगात असे समाज झाले का? झाले, आणि त्यांचा अभ्यासही झाला आहे. पियेर क्लास्त्र या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातल्या जमातींवरून 1974 साली असं मांडलं की तिथला मुखिया हा हुकूम देणारा नसतोच. त्याने गोड बोलावं, भांडणं मिटवावीत, आणि मागेल त्याला देत सुटावं. इतकं की अनेकदा तोच सगळ्यांत दरिद्री असतो. मुखियाला मान द्यायचा आणि सत्ता द्यायची नाही, ही त्या समाजाची विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे, असा त्याचा दावा. रिचर्ड ली यांनी कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांबद्दल 1969 साली लिहिलेला अनुभव तर प्रसिद्धच आहे. नाताळच्या मेजवानीला त्यांनी धष्टपुष्ट बैल आणला आणि सगळे जण त्या बैलाला हाडांचा सापळा म्हणून हिणवू लागले. नंतर कळलं की मोठी शिकार आणणाऱ्याला असंच हिणवायचं असतं, नाहीतर त्याच्या डोक्यात हवा जाते आणि तो उद्या इतरांना चाकर समजू लागतो. आइसलंडमध्ये 930 साली आल्थिंग ही सभा सुरू झाली. राजा नाही, सैन्य नाही, पोलीस नाहीत. कायदा मात्र भरपूर, आणि तो एक कायदापाठक सभेत तोंडपाठ म्हणून दाखवी, दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन उन्हाळ्यांत पूर्ण. शेतकरी कोणत्या गोदीचा, म्हणजे पुढाऱ्याचा, हे तो स्वतः ठरवू शके आणि बदलूही शके. तेराव्या शतकात ही पुढारपणं मोजक्या घराण्यांकडे गोळा होत गेली, त्यांच्यात यादवी माजली, आणि 1262 ते 1264 च्या दरम्यान आइसलंडने नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व मान्य केलं. कायदा तोवर लिहून ठेवलेला होता, सभाही भरत होती. सत्ता साचू न देणारी रीत तेवढी मोडली होती.

आता सर्वांत जड आक्षेप. शिक्षा करायला कोणी नसेल तर बळी तो कान पिळी हाच शेवटी कायदा ठरणार, नाही का? मार्टिन यांनी याचे दोन पुरावे स्वतःच ठेवले आहेत, आणि ते लपवलेले नाहीत. पहिला क्रास्टर. जंगलात आपलं घर करून राहणारा हा माणूस स्वतःच्या मुलींशीच लग्नं करतो आणि झालेले मुलगे बर्फातल्या अमानवी शक्तींना देऊन टाकतो. मुक्तजन त्याला शापित मानतात. इग्रिट जॉनला सुनावते की क्रास्टर आमच्यापेक्षा तुमच्याच जातकुळीचा. त्याचा बाप भिंतीवरचाच शिपाई होता. पण शापित मानणं निराळं आणि त्याला थांबवणं निराळं, आणि थांबवलं कोणीच नाही. दुसरा वॅरामिर. हा प्राण्यांच्या शरीरात शिरू शकणारा माणूस आजूबाजूच्या वस्त्यांकडून खंडणी घेतो. आवडलेल्या बाईला आणायला आपलं जनावर पाठवतो, आणि लोक मुकाट राहतात. शरीरात शिरणाऱ्यांची स्वतःची बंधनं आहेत: माणसाचं मांस खायचं नाही, प्राण्याच्या रूपात संभोग करायचा नाही, दुसऱ्या माणसाच्या देहात घुसायचं नाही. वॅरामिरला ती गुरूने शिकवलेली असतात आणि शेवटी तो एका भालाईत बाईच्याच देहात घुसू पाहतो. हे दोन्ही पुरावे मी पूर्ण वजनाने मान्य करतो. रीत ही मानणाऱ्यांसाठी असते, न मानणाऱ्यापुढे तिचे हात तोकडे पडतात. मात्र एक फरक नोंदवायला हवा. वॅरामिर मेला की त्याची जुलमी सत्ताही मेली. ती पुढे चालवायला मुलगा, दिवाण, खजिना यातलं काही मागे उरत नाही. दक्षिणेत वेडा राजा एरिस मारला जातो आणि सिंहासन तसंच राहतं, पुढच्या माणसाची वाट पाहत. जुलूम दोन्हीकडे होतो. एकीकडे तो माणसाबरोबर संपतो, दुसरीकडे त्याला बसायला जागा तयार असते.

याच्या उलट बाजूचाही आक्षेप आहे आणि मला तो अधिक खोल वाटतो. राजा नसेल तर रीतच राजा होते, आणि तिच्या विरोधात दाद मागायला कोणी नसतं. हा आक्षेप कुणा टीकाकाराच्या आधी एका कादंबरीकर्तीनेच मांडून ठेवला. उर्सुला के. ल ग्विन यांची 'द डिस्पजेस्ड' 1974 सालची, क्लास्त्रच्या पुस्तकाच्याच वर्षी आलेली. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले नामवंत मानववंशशास्त्रज्ञ, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या घरातच वाढला असं म्हणायला हरकत नाही. कादंबरीतल्या अनारेस या चंद्रावर सरकार नाही, मालमत्ता नाही, तुरुंग नाही. पण शेवेक या भौतिकशास्त्रज्ञाला आपलं काम छापून आणायला सबुल नावाच्या एका वजनदार सहकाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते, आणि टिरिन हा मित्र एका नाटकापायी सार्वजनिक निर्भर्त्सनेने खचून जातो. कायदा मोडला तर शिक्षा भोगून सुटता येतं. शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटणार कसं? ल ग्विन यांचं उत्तर असं की अनारेसवर रीत थिजली आहे, ती पुन्हा पुन्हा मोडून ताजी ठेवायला हवी. मुक्तजनांत हा धोका कमी दिसतो, कारण त्यांच्या रीती संख्येने थोड्या आणि विषयाने मर्यादित आहेत. पाहुण्याला मारायचं नाही, रक्ताच्या नात्याचा खून करायचा नाही, आपल्या टोळीतली बायको करायची नाही. काय पांघरायचं, कोणतं गाणं म्हणायचं, कोणत्या देवाला हात जोडायचे यात कोणी नाक खुपसत नाही. टोल्किन यांच्या कादंबरीतल्या शायर या प्रदेशात याचं सौम्य, खातंपितं रूप आहे: जवळपास हजार वर्षं राजा नाही, तरी त्याचे जुने कायदे लोक आपखुशीने पाळतात, सात वर्षांनी एक महापौर निवडतात, गस्तीला सगळे मिळून बारा शिरिफ, आणि मृत्युपत्रावर सात साक्षीदारांच्या लाल शाईतल्या सह्या लागतात. गुंडांच्या हाती शायर जातं तेव्हा लगेच दिसते ती भिंतीवर लावलेली नियमांची यादी, आणि शिरिफांची संख्या शेकड्यांवर जाते. नियम वाढले की रीत आटत जाते, हे टोल्किन यांनी फारसं न बोलता दाखवलं.

राहता राहिली भिंतीपाशी झालेली लढाई. मॅन्सच्या सैन्यात अफाट माणसं आहेत, हत्तींसारख्या मॅमथवर बसलेले राक्षसकाय लोक आहेत. तरी स्टॅनिसचे चिलखती घोडेस्वार बाजूने तुटून पडतात तेव्हा हा सगळा जमाव पांगायला वेळ लागत नाही. छावणीभोवती खंदक नाहीत, खुंट नाहीत, पहारे धड नाहीत. जॉनने हे आधीच हेरलेलं असतं. हुकूम न मानणाऱ्या माणसांना रांगेत उभं करता येत नाही आणि रांग नसेल तर घोडदळ अडत नाही. हे उघड आहे, आणि यावर मुक्तजनांच्या बाजूने काही सांगण्यासारखंही नाही.

पराभवानंतर जे होतं ते मला लढाईपेक्षा बोलकं वाटतं. मुक्तजनांत एक अपवाद सुरुवातीपासून आहे: थेन. हे लोक एका लपलेल्या दरीत राहतात, ब्राँझची शस्त्रं घडवतात, शिस्तीने लढतात, आणि त्यांना मॅग्नार नावाचा वंशपरंपरेचा धनी आहे, ज्याला ते जवळजवळ देव मानतात. मुक्तजनांना दक्षिणेत वसवायची वेळ येते तेव्हा सर्वांत आधी कोणाचा प्रश्न सुटतो? थेनचा. दक्षिणेतल्या कारस्टार्क घराण्यातल्या अॅलिसचं लग्न जॉन थेनच्या तरुण मॅग्नारशी, सिगॉर्नशी, लावून देतो, आणि एका रात्रीत थेन हे दक्षिणेच्या भाषेत समजेल असं सरदार घराणं होतं. वालशी लग्न लावून जो डाव साधत नव्हता तो इथे बिनबोभाट साधतो, कारण इथे कोणाशी तह करायचा ते माहीत आहे. टॉरमंडच्या माणसांना मात्र भिंतीच्या आत घेताना जॉनला शंभर मुलगे ओलीस ठेवून घ्यावे लागतात. ज्याच्या शब्दाला सगळे बांधले जातील असा एकही माणूस पलीकडे नाही. ब्रिटिशांना आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांत हाच पेच पडला होता. वस्त्यांच्या सभा, वयोगट, स्त्रियांचे गट अशा अनेक हातांत विभागलेला कारभार पाहून त्यांना वाटाघाटीला माणूसच सापडेना, तेव्हा त्यांनी सनदा देऊन मुखिये नेमले. ज्यांना गावात कोणी विचारत नव्हतं अशांनाही त्या सनदेने अधिकार मिळाला, आणि त्यांनी तो वसुलीला आणि न्यायदानाला वापरला. 1929 साली बायकांवर कर बसणार अशी बातमी पसरली तेव्हा हजारो इग्बो स्त्रिया त्या मुखियांच्या दारावर चालून गेल्या, त्यांच्या टोप्या काढून घेतल्या, आणि सनदी न्यायालयं जाळली. ब्रिटिशांनी गोळीबार केला, पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या, आणि मग सरकारने नेमलेल्या मुखियांची ती व्यवस्था बदलावी लागली.